दहा फोटो कमी भरले

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार, सकाळी अकरा. हजर: समितीचे तिघे, विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातली एकोणीस संशोधक मुलं-मुली, मी आणि बोलणारी माझी बायको, एकूण चोवीस. अल्पोपहाराचा अंदाज पंचवीस प्लेटा, साठच्या दराने दीड हजार. तो बोलणाऱ्याने द्यायचा, ही तिथली रीत.

शेचाळिसाव्या वर्षी बायको प्रबंधाआधीचं भाषण देत होती. टॉवेलच्या विणीतले दोष संगणकाने फोटोवरून कसे ओळखावेत, हा विषय. घरी तिने ते सात वेळा म्हटलं, सातही वेळा मी घड्याळ लावलं. विभागात तिने एकोणतीस मिनिटांत संपवलं. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण कोणीच वाजवेना.

अध्यक्षांनी विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाचा प्रश्न? अहवालात त्याचा रकाना असतो. तो कोरा राहिला तर भाषण पुढच्या सत्रात पुन्हा, म्हणजे सहा महिने गेले. मुलं खाली बघत बसली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "चहा गार व्हायलाय की." बायकोचा चेहरा उतरला आणि माझा हात वर गेला.

पडद्यावरच्या तक्त्याची बेरीज मी मघाशीच करून ठेवली होती, सवय. तो तक्ता तिने सकाळीच घातलेला, घरी मी पाहिला नव्हता.

"निर्दोष सहाशे चाळीस, सुटलेले धागे तीनशे पंचवीस, डाग दोनशे पंचाहत्तर," मी म्हणालो. "बाराशे चाळीस झाले. खाली साडेबाराशे लिहिलंय. दहा फोटो कुठं गेले?"

बोलून गेलो. भर सभेत स्वतःच्या बायकोला पाडलं की काय?

तिने तक्त्यावरच्या बेरजेवर बोट ठेवलं.

"अहो, ते दहा तुमच्या टॉवेलचे आहेत. कारखान्यातले सगळे कोरे होते, म्हणून वापरलेला एक घरून नेला. यंत्राला त्यात दोष सोडून कापड सापडलंच नाही. कुठल्याच रकान्यात बसेनात."

सगळी खोली खदखदून हसली. मुलांनी बाकं वाजवली. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, तळटीप घाला, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने अहवालातला प्रश्नाचा रकाना भरला. उरलेली पंचविसावी प्लेट मी उभ्यानेच संपवली. जिना उतरताना आम्ही दोघं इतके हसत होतो की एका पायरीवर बसावं लागलं.

कँटीनवाल्याला दीड हजार दिले. परतताना तिने रिक्षा टॉवेलच्या दुकानापाशी थांबवली. दुकानदाराला दोनशे वीस, तेही मीच दिले.