हसतखेळत शिक्षा

दिल्लीतल्या द्वारका भागात आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ नोएडात शाळेच्या धड्यांच्या सीडी बनवतात. खडूला ते 'पोल्यूशन' म्हणतात, पाठ्यपुस्तक मेलेल्या झुरळासारखं चिमटीत धरतात आणि प्रत्येक वाक्याला 'बेसिकली'ची फोडणी देतात. मी रविवारी सोसायटीतल्या मुलांना मराठी शिकवते, त्याची माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी.

"काकू, बेसिकली फळा संपला. आता मुलं क्लिक करणार आणि शिकणार. बिल्कुल टेन्शन नका घेऊ!"

एका रविवारी ते घरचा कॉम्प्युटर उचलून वर्गात आले. सनई वाजली आणि पडद्यावर गुलाबी अक्षरं नाचली: 'हसतखेळत शिक्षा'.

"अहो, शिक्षा म्हणजे शिक्षण हे हिंदीत. मराठीत माणसं शिक्षा भोगतात," मी म्हटलं.

"अच्छा? पण काकू, दिल्लीच्या मुलांना कुठे एवढं मराठी कळतं!" स्वतःचा सगळा जन्म दिल्लीत गेलेल्या माणसाने हे बिनदिक्कत सांगितलं.

मग त्यांनी आपल्याच मुलीला पुढे बसवलं. उत्तर चुकलं की पडद्यावरचा पोपट रडायचा आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. पोपट चौथ्यांदा रडला, तेव्हा ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, माझी शिक्षा संपली का?"

"बघा काकू, शब्द लगेच उचलला!" ते खूश होऊन म्हणाले.

उचलला खरा. इतकं अचूक मराठी ती माझ्या वर्गात आजवर कधी बोलली नव्हती.