उतारावरचा मोह

मोहाचं फूल जिभेवर ठेवलं की ते टेकडीच्या कोणत्या बाजूचं आहे, हे बुढी सांगायची. आलापल्लीच्या पलीकडच्या त्या गावात मी शिक्षक होतो आणि तिच्याच घरातल्या एका खोलीत राहायचो. सगळं गाव तिला बुढीच म्हणे. एकदा मी तीन ठिकाणची फुलं आणून तिच्यापुढे ठेवली. तिनं एकेक चाखलं. "हे नाल्याकडचं, गुरुजी. पानीच पानी. हे सपाटीचं. अन् हे माह्या उताराचं. साखर!"

उतार म्हणजे टेकडीची उगवतीकडची बाजू. जमीन मुरमाड, पाणी थांबत नाही, ऊन आधी तिथं पोचतं. म्हणून फूल लहान, पण गोड. नाल्यात गारवा साचून राहतो, तिथला मोह उशिरा फुलतो. भूगोलाच्या तासाला मी हेच शिकवायचो. शिकलो होतो तिच्याकडून. देवाला चढवायची दारू ती फक्त उतारावरच्या फुलांची काढायची. "देवाले पानचट काऊन द्यावं?"

फुलं वेचायला जमीन साफ लागते, पण झाडाखालचा पाला ती कुणाला जाळू देत नसे. तास-तास वाकून स्वतः झाडायची.

त्या वर्षी ऐन फुलायच्या दिवसांत आठवडाभर आभाळ राहिलं आणि मग गारा पडल्या. उतारावरचा मोह कळीतच झडला. घरात बुढी आणि तिची विधवा सून, दोघीच. बुढी रोज रिकामी टोपली घेऊन यायची. एका संध्याकाळी मोटारसायकलवरून येताना मला नाल्याकाठची झाडं फुललेली दिसली. मी उत्साहानं तिला सांगितलं.

"नाल्याकडं?" ती थबकली. "तिकडं वाघ हाये म्हन्तेत."

"दिवसाढवळ्या कुठला वाघ येतो?" मी म्हणालो. मी परगावचा माणूस, पण बोललो खात्रीनं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी गेल्या. फुलं वेचणारा माणूस ओणवा असतो. वाघाला तो जनावरच वाटतो. सून ओरडत गावात आली. आम्ही काठ्या घेऊन, डबे बडवत पोचलो, तेव्हा बुढी झुडपात ओढलेली होती. मी तिला लुगड्यावरून ओळखलं.

पंधरा दिवसांनी मी सुनेपुढे बसलो. "नाल्याकडच्या फुलांचं मीच सांगितलं होतं."

ती चुलीत लाकूड सारत होती. "मालूम हाये मले. रस्ताभर तेच सांगून राह्यली होती बुढी. गुरुजीले आपली फिकर हाये म्हने."

मी खोलीत येऊन बसलो. थोड्या वेळानं तिनं जेवायला हाक मारली.