सुशीलाबाई आणि साहेबाची मागणी

या आठवड्यात दुपारी मी माझी जुनी, आवडती इंग्रजी मालिका पुन्हा लावली. ती ज्या कादंबरीवर आहे, ती मी तुम्हाला कॉलेजात शिकवत असे. त्यामुळे पहिल्यांदा पाहताना पुस्तक मांडीवर आणि पेन्सिल हातात होती. कुठे काय गाळलं ते पकडायचं होतं. फारसं सापडलं नाही.

परवा स्वयंपाकाच्या सुशीलाबाई मेथी निवडत शेजारी बसल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. गर्विष्ठ नायकाने ऐटीत लग्नाची मागणी घातली, नायिकेने ती साफ नाकारली, आणि बाई एकदम म्हणाल्या, "बरं केलं! उपकार केल्यासारखं मागतात होय कुणी?"

मुलांनो, मला इतका आनंद झाला! लेखिकेला नेमकं हेच म्हणायचं होतं. मालिकेनं त्यात आपलं शहाणपण मिसळलं नाही आणि घाईही केली नाही. म्हणून ती जुनी होत नाही.

आज शेवटचा भाग पाहिला. नायक पुन्हा विचारायला आला, या वेळी मान खाली घालून. उत्तर मला तोंडपाठ आहे, तरी मी टीव्हीचा आवाज वाढवला. सुशीलाबाई पडद्याजवळ सरकल्या.

"आता हो म्हण गं बाई," त्या नायिकेला म्हणाल्या, "सुधारलाय तो."