मागच्या सीटखालच्या चपला

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सोलापूर पोलिसांत शिपाई म्हणून लागलो. पोस्टिंग मिळाली मानवी तस्करीविरोधी पथकात. एक जीप, एक वायरलेस सेट, मी आणि हेड कॉन्स्टेबल शालनताई. त्या मला मुद्दाम बढती देऊन 'सुभेदार' म्हणत.

मुलींनी पळू नये म्हणून दलाल त्यांच्या चपला काढून घेतात. त्यामुळे ताई मागच्या सीटखाली लहानमोठ्या मापांच्या चपला ठेवत. नाव-गाव नंतर विचारत.

"पळता येतंय म्हटल्यावर पोरगी खरं बोलती, सुभेदार."

मुलगी राजी होती, हा बचाव कायद्यात चालत नाही. पण तिला फसवून नेलं हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नेणारा बहुतेक वेळा घरचाच असतो. मग पंच फिरतात, मुलगी गप्प बसते, आरोपी सुटतो.

त्या दिवशी मंद्रूपचा बाजार होता. दुपारी वायरलेस बोलला, "पांढरी गाडी, आत मुलगी. मंद्रूप सोडलं. ओव्हर."

पुढे भीमेचा पूल, पलीकडे कर्नाटक. तिकडे गेलेली मुलगी शोधायला महिने लागतात. पुलाच्या अलीकडे मी जीप आडवी लावली. गाडी थांबली. इंजिन चालूच होतं. चालवणारा काचेतून म्हणाला,

"भाची हाय माजी. मर्जीनं येतीय. विचारा की तिला!"

मुलीने मान हलवली. ताईंनी तिच्या पायांकडे पाहिलं.

"मर्जीनं, आणि अनवाणी व्हय रं?"

मामाला दिसू नये म्हणून ताई तिला गाडीमागे घेऊन गेल्या. मी मामाला म्हणालो, "किल्ली दे. खाली उतर." मागे ताई खाली बसून तिला चपला घालत होत्या. मुलगी काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही.

त्याने गाडी रिव्हर्स घेतली. ताईंनी मुलीला बाजूला ढकललं. स्वतःला उठता आलं नाही.

गाडी रस्त्याकडेच्या चारीत अडकली. मामाला मी तिथेच धरलं. वायरलेसवर म्हणालो, "वन कॅज्युअल्टी." ताई जागीच गेल्या होत्या.

साक्षीच्या दिवशी ती मुलगी मंगळवेढ्याहून एसटीने आली. घरचं कुणी सोबत नव्हतं. ताईंनी घातलेल्या चपलेचा अंगठा शिवलेला होता.

आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "तू स्वखुशीनं निघाली होतीस ना?"

"न्हाय. लग्नाला न्हेतो म्हणाला हुता. मला जायाचं न्हाय, हे बाईंना सांगितलं तितं. आता तुमाला सांगते."

निकाल लागायचा आहे. मी अजून त्याच जीपवर आहे. चपला आता मी आणतो, मापं चुकतात. पथकात नवी माणसं आली आहेत, चांगली आहेत. मला ती नावाने हाक मारतात.