ओढत नाही, चघळत नाही

आमच्या मंडळीत किस्से सांगायला म्हणून कुणी बसत नाही. फॉर्म भरायला बसतात, आणि उठेपर्यंत किस्सा झालेला असतो! फॉर्म मी भरतो, म्हणून किस्सेही माझ्याकडेच साठलेत. मी फारसा बोलत नाही, त्यामुळे साठलेले तसेच राहतात. आज लिहून काढतो.

मंडळी म्हणजे न्यूझीलंडमधल्या टाकानिनीतली आम्ही पाच-सहा मराठी ख्रिस्ती घरं. शनिवारी दुपारी विजयदादाच्या गॅरेजमध्ये उपासना. गाडी बाहेर, खुर्च्या आत. मी विजयदादाकडेच मागच्या खोलीत भाड्याने राहायचो आणि सँडरिंगहॅमच्या एका मिठाईच्या दुकानात जिलेबी तळायचो.

फॉर्मचं काम माझ्याकडे कसं आलं, तर फॉर्मवर लिहिलेलं असतं, कॅपिटल लेटर्समध्ये भरा. दुकानात मिठाईच्या बॉक्सवर नावं घालून माझे कॅपिटल छापल्यासारखे झाले होते. शमुवेलकाका सगळ्यांना सांगायचे, "दानीची शाळा नववीत सुटली, पण कॅपिटल सुटले नाहीत!"

*

शमुवेलकाका आमच्यातले वडीलधारे. मिरजेकडच्या एका मिशन दवाखान्यात आयुष्यभर रेकॉर्ड क्लार्क होते, आता मुलीकडे असतात. आजाराचं काय करायचं, हा प्रश्न मंडळीत त्यांनीच काढला.

प्रश्न साधा होता. न्यूझीलंडमध्ये सरकारी दवाखाना चांगला आहे, अपघात झाला तर पाहुण्याचाही खर्च सरकार बघतं. पण व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील किंवा माझ्यासारखे एका वर्षाच्या परमिटवाले आजारी पडले, तर सगळा भार आपल्यावर. आणि इन्शुरन्सवाले म्हाताऱ्या माणसाचं वय ऐकूनच फोन ठेवतात.

म्हणून काकांनी ख्रिस्ती लोकांच्या खर्च वाटून घ्यायच्या योजना शोधल्या. लायब्ररीतून प्रिंटआउट आणले, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तक्ता आखला. एका रकान्यात इन्शुरन्स, दुसऱ्यात अमेरिकेची योजना, तिसऱ्यात पामर्स्टन नॉर्थच्या एका मंडळीची. खाली प्रश्न: आईवडील चालतात का? आधीचा आजार? दारू? तंबाखू? पाळकाचं पत्र लागतं का?

"एक लक्षात ठेवा," काका म्हणाले, "हा इन्शुरन्स नाही. यात क्लेम नसतो, नीड असते. गरज! जो क्लेम म्हणेल तो सगळ्यांचे कप विसळेल."

त्या महिन्यात सगळ्यात जास्त कप काकांनीच विसळले.

*

अमेरिकेच्या योजनेत पैसे आजारी माणसाला थेट पाठवायचे, आणि सोबत हाताने लिहिलेलं कार्ड. आपल्याला हे जमतं का बघू, म्हणून आम्ही आधी नुसत्या कार्डांची रंगीत तालीम घेतली. विजयदादाचं पित्ताशयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, सगळ्यांनी त्यालाच कार्डं लिहिली.

दादाने शांतपणे आराम करावा, असं मला मनापासून वाटत होतं. तेवढं इंग्रजी मला येत होतं. मी सुंदर कॅपिटलमध्ये लिहिलं, "रेस्ट इन पीस."

दादाने दवाखान्यातून दुकानात फोन केला. टाके दुखत होते, तरी हसत होता. "दानी, अरे इतक्या लवकर?"

*

शेवटी पामर्स्टन नॉर्थ ठरलं, कारण तिथे आईवडील चालत होते. ती योजना ग्रॅहम नावाचा एक निवृत्त गोरा शाळामास्तर बघायचा. फोनवर माओरी लोकांसारखं 'किया ओरा' म्हणायचा, आणि आम्ही मराठी ख्रिस्ती एकमेकांना करतो तो 'सलाम' आमच्याकडून शिकला होता.

त्यांच्या फॉर्मवर 'आधीचे आजार' यासाठी दोन ओळी होत्या. काकांनी स्वतःचा पुरवणी कागद जोडला. लहानपणचा टायफॉइड, गुडघा, एकदा चावलेलं कुत्रं, आणि शेवटी: "दात, वरचे व खालचे, तिसाव्या वर्षी सर्व गेलेले. कवळी आहे."

"काका, दातांचं कोण विचारतंय?" मी म्हटलं.

"विचारलं नाही म्हणून लपवायचं? फॉर्मवर खोटं लिहायचं नाही, दानी. अर्धवट खरंही नाही." आणि पुरावा म्हणून त्यांनी कवळी काढून माझ्या पेनाशेजारी ठेवली!

*

लीलामावशी म्हणजे विजयदादाची आई. जालन्याहून व्हिजिटर व्हिसावर आलेली, कायमच्या कागदपत्रांची वाट बघत असलेली. मी तिच्याच हातचं जेवायचो.

एका सकाळी घरातला स्मोक अलार्म किंचाळायला लागला. मी धावत स्वयंपाकघरात आलो, तर मावशी तव्यावर तंबाखूची पानं भाजत उभी. दात घासायची मशेरी करत होती, आणि पदराने त्या अलार्मला वारा घालत होती. खोकून खोकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेजारची बाई कुंपणावरून ओरडली, सगळं ठीक आहे ना? विजयदादाचा सहा वर्षांचा जोएल दारात जाऊन इथल्या पोरांसारखं म्हणाला, "स्वीट ॲज! आजी इज कुकिंग हर टूथपेस्ट!"

त्याच आठवड्यात मी मावशीचा फॉर्म भरला. तिला इंग्रजी येत नाही. मी एकेक प्रश्न मराठीत करून सांगत होतो.

"मावशी, तंबाखू ओढता का, किंवा चघळता का?"

"ओढायला मी काय गडी आहे? अन् चघळायला शेळी?"

मला हसू आलं. हसता हसता मी दोन्हीकडे NO लिहिलं. ती ओढत नव्हती, चघळतही नव्हती.

*

पुढचा किस्सा सांगताना मी अजून अडखळतो.

तीन-चार महिन्यांनी मंडळीची समुद्रावर सहल होती. मावशी भाकरी खाताना एकाच बाजूने चावत होती. आमच्यातल्या सुनीताताई हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. त्यांनी मावशीला उजेडाकडे तोंड करून आ करायला लावलं.

"मावशी, गालात आतून हा पांढरा चट्टा किती दिवस आहे?"

"गरम चहानं पोळलं असंल."

"किती दिवस?"

मावशीने बोटं मोजली आणि मग मोजायची थांबली. सुनीताताईंनी हात पुढे केला. "डबी द्या."

"कशाची?"

"तुम्हाला माहीत आहे कशाची."

मावशीने कमरेची डबी काढली, पण दिली नाही. "उघडणार नाही," म्हणाली. आणि खरंच, त्या दिवसापासून तिने ती उघडली नाही. नुसती जवळ ठेवायची.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरची सुरुवात आहे, लवकर काढलं तर निघेल. ऑपरेशनचा आकडा ऐकून विजयदादा गाडी विकायला निघाला. गाडीने तो आकडा निम्मासुद्धा भरत नव्हता.

म्हणजे आता गरज पाठवायची. तो फॉर्म माझ्यासमोर आला आणि माझा हात चालेना. मावशी रोज सकाळी मशेरी लावायची, हे मला माहीत होतं. NO माझ्या अक्षरात होतं. जिलेबी तळताना कढईतही मला तोच शब्द दिसायचा.

मी काकांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी कवळी जिभेने हलवली.

"तू लिहिलंस ते खोटं नव्हतं," ते म्हणाले. "पण अर्धवट खरं होतं."

"मी काय करू?"

"ग्रॅहमला फोन कर. त्याला इथे बोलव. असलं कागदावर नाही सांगता येत."

"काका, त्याने मावशीचं नाव काढलं तर?"

काकांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

*

ग्रॅहम पामर्स्टन नॉर्थहून दिवसभर गाडी चालवत आला. गॅरेजमध्ये सगळे होते, पण चहाला कुणी हात लावला नव्हता. ग्रॅहमने मांडीवर जाड फाइल ठेवली. "सलाम," म्हणाला.

मला सगळ्यांसमोर बोलता येत नाही. मी उभा राहिलो, खाली बघून सगळं सांगून टाकलं, आणि शेवटी म्हटलं, "चूक माझी आहे."

"पोराला काही म्हणू नका!" मावशी मराठीतच गरजली. तिने डबी काढून ग्रॅहमच्या समोर टेबलावर आपटली. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर इंग्रजी बोलली, "माय टीथ. माय मिस्टेक."

ग्रॅहमने डबी उघडली, हुंगली, आणि सलग तीनदा शिंकला. कुणी हसलं नाही.

"हा तंबाखू आहे," तो हळूच म्हणाला. मी भाषांतर करत होतो. "नियम सरळ आहे. एकट्या माणसाने लपवून तंबाखू वापरला, तर नाव काढायचं. माझ्या हातात काही नाही."

विजयदादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ग्रॅहम डबीकडे बघत होता. "पण एक विचारतो. ही त्यांची एकटीची सवय आहे, की तुमच्याकडच्या वयस्कर माणसांची दात घासायची रीतच आहे? रीत असेल, तर आमचा प्रश्नच चुकीचा होता. मग मला बोर्डापुढे जावं लागेल, आणि निर्णय होईपर्यंत त्यांचा खर्च आम्ही वाटून घेऊ. इथे आणखी कुणी वापरतं?"

मी भाषांतर केलं. तेव्हा गॅरेजमध्ये वयस्कर माणसं दोनच होती.

शमुवेलकाका उठले. शर्टाची वरची गुंडी लावली, आणि शाळेत करतात तसा हात वर केला.

"मी," काका इंग्रजीत म्हणाले. "चाळीस वर्षं. रोज सकाळी. दात घासायला."

ग्रॅहमने फाइल उघडली. पानं उलटत तो काकांच्या फॉर्मवर आला, मग पुरवणी कागदावर. तिथे त्याचं बोट एकेक ओळ खाली सरकत गेलं. टायफॉइड. गुडघा. कुत्रं. शेवटच्या, दातांच्या ओळीवर ते थांबलं. त्याने मान वर करून काकांकडे बघितलं. काकांचा हात अजून वरच होता.

"चाळीस वर्षं?"

"एव्हरी डे," काका म्हणाले.

ग्रॅहमने फाइल मिटली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे वळला.

"दानी," तो म्हणाला, "या पावडरचं स्पेलिंग सांग. कॅपिटल लेटर्समध्ये."