अण्णांचा पॅरा

सरकारी ऑफिसात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, ते साठतात. फायलीला निदान कपाट तरी लागतं. किस्स्याला एक न बोलणारं माणूस पुरतं. आमच्या लेखा शाखेत ते माणूस मी. नवी नोकरी, नवं लग्न, त्यात स्वभाव गप्प. लोकांना वाटतं, हिला काहीही सांगा, बाहेर जाणार नाही. वाटू द्या!

ऑफिसचं नाव सांगत नाही. कराडचं माहेर आणि विश्रामबागचं सासर यांच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी ते आहे, एवढं पुरे. माझं प्रोबेशन अजून संपलेलं नाही. दोन्हीकडचं.

*

पहिल्या दिवशी माझी ओळख माणसांच्या आधी एका पॅराशी करून दिली.

लेखापरीक्षणात काही वावगं सापडलं की त्यावर एक परिच्छेद लिहितात. त्याला ऑफिसात सगळे पॅरा म्हणतात. खुलासा पटला तर पॅरा वगळतात. नाही पटला, तर तो दरवर्षी नव्या फायलीत पुन्हा हजर!

हा पॅरा होता चौगुले अण्णांचा. अण्णा आमच्या शाखेतले सगळ्यात जुने. फार वर्षांपूर्वी गावांच्या पाणी योजनांचे पैसे एका सहकारी बँकेत ठेवले गेले. बँक बुडाली. कागदावर दोन सह्या होत्या. एक तेव्हाच्या साहेबांची, ते वारले. दुसरी अण्णांची, ते राहिले. तेव्हापासून 'जबाबदारी निश्चित करावी' हे वाक्य त्यांच्या पाठीमागे आहे. आता महिनाअखेरीला अण्णा रिटायर होणार होते आणि पॅरा उभा असेपर्यंत त्यांची ग्रॅच्युइटी मिळणार नव्हती. विधिमंडळाची समिती तपासणीला येणार होती. तिनं वगळला तरच सुटका.

"अण्णा, टेन्शन नाही येत?" मी विचारलं. ऑफिसात मी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

"दोन पोरींची लग्नं केली," अण्णा पॅराच्या फायलीवर थाप मारत म्हणाले. "ही थोरली तेवढी घरात हाय. दर साली दाखवायचा कार्यक्रम हुतो, चहा-पोहे हुत्यात, आन् पावणं 'कळवतो' म्हणून जात्यात!"

*

बँक बुडाली त्या दिवसाचं अण्णा असं सांगतात, जसं कुणी जत्रेचं सांगावं.

ठेकेदाराचं बिल द्यायचं म्हणून ते सकाळीच चेक घेऊन बँकेत गेले. गर्दी दिसली, पण त्यांना वाटलं, पगाराचा दिवस असंल. काउंटरवर चेक दिला, पितळेचं टोकन घेतलं आणि बाकावर बसले. कॅशियर एकेक नंबर पुकारत होता. अचानक मॅनेजर बाहेर आले, कॅशियरच्या कानात काहीतरी बोलले, आणि कॅशियरनं पिंजऱ्याचं दार आतून लावून घेतलं.

बाहेर शटरपाशी रांग लागली होती. संध्याकाळी अण्णांनी पाहिलं तर तेच मॅनेजर शर्ट बाहेर काढून रांगेत उभे!

"साहेब, तुमी हितं?"

"गप बसा हो," मॅनेजर हळूच म्हणाले. "मेव्हण्याची ठेव आहे. बायकोनं उभं केलंय."

टोकन अजून अण्णांच्या ड्रॉवरमध्ये आहे. परत करा म्हटलं तर म्हणतात, "माझ्या आधीचा नंबर पुकारला हुता की. आता माझाच हाय."

*

ती बँक आमच्या घरातही बुडालेली आहे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या फंडाचे सगळे पैसे तिथंच होते. बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाक, शिक्षण, उंची असं रीतसर विचारलं. मामांनी एकच प्रश्न टाकला. "पगार कुठल्या बँकेत होतो?"

मी सांगितलं.

"आणि दुसरं खातं?"

"नाही."

"उघडून टाका," मामा म्हणाले, आणि पोह्यांकडे वळले. आमचं लग्न ठरलं ते तिथंच, असं माझं मत आहे.

लग्नानंतर देवदर्शनाला गेलो. सगळ्यांनी चपला एका ठिकाणी काढल्या. मामांनी डावी चप्पल कमानीपाशी ठेवली आणि उजवी पार पलीकडे, नारळवाल्याच्या खोक्यामागे. मी बघतच राहिले.

"बँक बुडाल्यापासून असंच गं ह्यांचं," सासूबाई म्हणाल्या.

"सगळं एका जागी ठेवायचं नाही," मामा म्हणाले. "गेलं तर निम्मं जाईल!"

आणि बाहेर आलो तर नेमक्या आमच्या ह्यांच्या नव्या चपला गेलेल्या! हे कुपवाडला कारखान्यात लोखंडाशी खेळतात, पण खडीवरनं अनवाणी चालताना चेहरा बघवत नव्हता. मामा दोन्ही पायांत चपला घालून पुढं चालले होते. आणि ती चाल!

*

समिती येणार म्हणून आधी नर्सरीतून भाड्यानं कुंड्या आल्या. मग समिती पुढं ढकलली. कुंड्या परत गेल्या. पुन्हा तारीख आली, पुन्हा कुंड्या. तिसऱ्या वेळी टेम्पोवाला रस्ता न विचारता थेट व्हरांड्यात आला आणि कुठली कुंडी कुठं ते आम्हालाच सांगू लागला.

तारीख हलली की अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. सोळा दिवस. अकरा दिवस. सात. बाकी कुणी बघत नव्हतं. दुपारी डबा उघडायचे, दोन घास खायचे आणि झाकण लावायचे. "उन्हाळा लय हाय," म्हणायचे. बाहेर थंडी होती.

मी जुन्या फायली चाळत होते. त्यात समितीच्या मागच्या दौऱ्यानंतरचा एक पॅरा सापडला. 'समितीच्या स्वागतासाठी कुंड्यांच्या भाड्यावर केलेला खर्च अनावश्यक.'

मी तो अण्णांना दाखवला. त्या आठवड्यात पहिल्यांदा ते हसले.

"ह्यो पॅरा वगळायला कोण येणार?"

"समिती," मी म्हटलं.

"मग मागवा कुंड्या!"

*

समितीपुढं कुणी अडखळू नये म्हणून साहेबांनी रंगीत तालीम ठेवली. कुणीतरी अध्यक्ष व्हायचं, यादीतले प्रश्न विचारायचे आणि बाकीच्यांनी पाठ केलेली उत्तरं द्यायची. अध्यक्ष व्हायला एकही माणूस तयार होईना.

"ह्या म्याडमना करा की," तानाजी शिपाई म्हणाला. "बोलत न्हाईत, पण वाचत्यात समदं."

झालं! मला टर्किश टॉवेलच्या खुर्चीत बसवलं. समोर साहेबांसकट अख्खं ऑफिस उभं. लग्नात स्टेजवर बसले होते तेव्हाही एवढी माणसं माझ्याकडे बघत नव्हती.

पहिले दोन प्रश्न यादीतले विचारले. "माहिती घेऊन सादर करतो, महोदय." "कार्यवाही सुरू आहे, महोदय." सगळं छान चाललं होतं. तिसरा नंबर अण्णांचा. यादीत होतं, 'वसुलीची सद्यःस्थिती काय?' माझ्या तोंडून भलतंच आलं.

"या बँकेत पैसे ठेवा, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"तोंडी आदेश हुता, महोदय."

"कोणाचा?"

साहेब ताडकन पुढे आले. "अध्यक्ष महोदया, आपली वेळ संपली!"

तानाजीनं खुर्चीवरचा टॉवेल घडी घालून नेला. माझी कारकीर्द आटोपली.

संध्याकाळी अण्णा स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. "पोरी, इतक्या सालांत ह्ये कुणी इचारलंच न्हाई बघ. सही कुणाची, येवढंच इचारत्यात."

"मग सांगून टाका ना, अण्णा."

"मी सांगायचं आन् कागदावर काय न्हाई. खोटाच ठरीन." थोडं चालून म्हणाले, "आन् खरा ठरलो, तरी धड जगू देतील व्हय?"

*

शेवटी समिती आली. अण्णांचे तीन दिवस उरले होते.

सभागृहात सहा सदस्य, मधे अध्यक्ष. अध्यक्ष वयस्कर, सारखे घड्याळ बघणारे. त्यांना पुढच्या तालुक्याला जायचं होतं. अण्णा उभे आणि त्यांच्या मागच्या खुर्चीत फायली मांडीवर घेऊन मी.

अण्णांचा पॅरा वाचला गेला. अध्यक्ष काही बोलायच्या आत टोकाच्या खुर्चीवरचे सदस्य कडाडले. हे आमच्याच तालुक्याच्या राजकारणातून आमदारकीपर्यंत गेलेले.

"जनतेचा पैसा आहे हा! कुणाच्या सांगण्यावरून त्या बँकेत घातला?"

"तोंडी आदेश हुता, साहेब."

"तोंडी-बिंडी चालणार नाही! नाव सांगा!"

अण्णांनी टेबलाची कड धरली.

"फोन आलता, साहेब. तवाच्या सभापतींचा."

"मग नाव घ्या की! भिताय कुणाला? लिहून घ्या हो याचं!" त्यांनी टेबलावर हात आपटला. बशीतला चमचा उडाला.

अण्णांनी नाव घेतलं नाही. त्यांनी फक्त नजर वर उचलली. आमच्या सभागृहात सदस्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर लाकडी फलक आहे. तालुक्याचे आजवरचे सगळे सभापती, नाव आणि साल, पिवळ्या रंगात.

अण्णा कुठं बघताहेत म्हणून आधी अध्यक्ष वळले. मग शेजारचे. मग एकेक खुर्ची करकरली. अध्यक्षांनी चष्मा लावला, हातातल्या पॅरावरचं साल पाहिलं आणि फलकावर बोट खाली-खाली नेत एका ओळीपाशी थांबले.

सगळी समिती मान वळवून वाचत होती. टोकाची खुर्ची तेवढी वळली नाही.

"अध्यक्ष महोदय," त्या खुर्चीतून आवाज आला. कपात मावेल एवढा. "पॅरा फार जुना झालाय. वगळायला हरकत नसावी."

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांच्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे.

"वगळला. पुढचा घ्या."

अण्णा खाली बसले. फाईल परत घ्यायला मी हात पुढे केला, तर ती त्यांच्या हातातून सुटेना.

तेवढ्यात शेजारच्या लघुलेखक बाई माझ्याकडे वाकल्या आणि कुजबुजल्या, "मॅडम, त्यांनी उत्तर काय दिलं हो? मला ऐकूच आलं नाही!"