माजरीच्या क्वार्टरमधली जर्मन गाडी

आमचे हे माजरीच्या खाणीत डंपर मेकॅनिक होते आणि मी भद्रावतीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. क्वार्टर दोन खोल्यांचं. समोर एक स्कूटर मावेल एवढं अंगण, आणि त्या अंगणात एक भली मोठी, जुनी, जर्मन बनावटीची गाडी. तिचं नाक तुळशीला लागायचं आणि पाठ फाटकाबाहेर वीतभर निघायची. कॉलनीत नवीन आलेला माणूस आधी गाडीकडे बघायचा, मग आमच्या दाराकडे, मग पुन्हा गाडीकडे.

ती आमच्याकडे आली त्याची हकिकत साधी आहे. चंद्रपूरच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या आरागिरणीतलं डिझेल इंजिन बसलं होतं. यांनी सुट्टीचे दिवस घालवून, अख्खा उन्हाळा खपून ते उभं केलं. व्यापारी मजुरी द्यायला लागला तेव्हा हे म्हणाले, "पैसे राहू द्या शेठ. ते शेडमधली गाडी द्या."

"अरे, ते पाच वर्षांपासून सुरू नाई झाली."

"ते मी पाहून घेतो."

व्यापाऱ्याच्या मुलांनी नव्या गाड्या घेतल्या होत्या. भुशाखाली गाडलेली ती गाडी त्यांना अडचणच होती. साखळीनं ट्रकला बांधून ती माजरीत आली, तेव्हा मी शाळेतून नुकतीच परतले होते. खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"हे काय आणलं जी?"

"गाडी."

"कोनाची?"

"तुयी. कागदावर तुयंच नाव टाकतो. मास्तरीणबाईच्या नावावर शोभते."

मला हसावं की रडावं कळेना. माझे वडील सावलीला दुसऱ्याच्या धानात राबून आम्हाला शिकवणारे. यांच्या वडिलांनी जन्मभर सायकल वापरली. बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकांची पेटी आणि दोन लोखंडी पलंग एवढा आमचा संसार. त्यात ही.

पुढची दोन वर्षं रविवार गाडीचा. सकाळी वंदना झाली की हे बाहेर, अंगात जुनी खाकी पँट. इंजिन खोललं, धुतलं, जुळवलं. सुट्या भागांसाठी नागपूरच्या भंगार बाजारात चकरा झाल्या. तिथं मिळालं नाही ते चंद्रपूरच्या एका लेथवाल्या भाईंकडून बनवून घेतलं. भाई वयानं यांच्याहून मोठे. हात कसबी, बोलणं मोजकं. यांनी पुठ्ठ्यावर चित्र काढून दिलं की भाई चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "बन जाईन. जुम्म्यानंतर या."

गाडी सुरू झाली तो दिवस मला आठवतो, कारण ती बंदच होईना. त्या गाडीचं इंजिन हवेच्या ओढीवर बंद व्हायचं. कुठंतरी नळी फुटली होती, त्यामुळे किल्ली काढून घेतली तरी इंजिन आपलं चालूच. हे किल्ली हातात धरून उभे, गाडी घडघडतेय, आणि शेजारपाजारचे सगळे जमलेले. शेवटी यांनी बॉनेट उघडून आतला एक दांडा दाबला, तेव्हा ती थांबली. ती नळी सापडायला पुढं चार महिने गेले. तोवर आम्ही कुठंही गेलो, बाजारात, लग्नात, विहारात, तरी पोचल्यावर आधी बॉनेट उघडायचं. लोकांना वाटायचं गाडी बिघडली. मी मान खाली घालून पुढं निघून जायची.

मला एकच हवं होतं, एसी. आमच्याकडचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. काचा बंद केल्या तर भट्टी, आणि उघडल्या तर कोळशाची धूळ. पांढरी साडी नेसून निघाले की भद्रावती येईपर्यंत तिला काळी छटा आलेली असायची. हे म्हणायचे, "इंजिनले पेलणार नाई. पहिले रेडिएटर मोठा टाकू, मंग पाहू." रेडिएटर मोठा टाकला. मग सीटा नव्यानं भरल्या. मग दारांच्या पट्ट्या बदलल्या. एसी राहून गेला. आमची मुलगी बारावी होऊन नागपूरला होस्टेलला गेली, तरी राहूनच गेला.

मग एका संध्याकाळी गाडी आत घेताना फाटकाच्या उजव्या खांबाला जोरात घासली. बंपरपासून दारापर्यंत पत्रा सोलला. मी धावत बाहेर आले आणि बोलले, जे बोलायला नको होतं ते. "कुठी पाहून राह्यले होते? रोजचं फाटक आहे ना?"

हे उतरले. पत्र्यावरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "मले खांब दिसलाच नाई."

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर आधी जाते, म्हणाले. गेली तेवढी परत येणार नाही, उरलेली टिकवायची. ती टिकली नाही. दीड वर्षात समोरचं उरलं ते नळीतून बघावं तेवढं, नंतर तेही धूसर झालं. खाणीनं यांना हत्यारांच्या खोलीत बसवलं. पाने-पकडी मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. घरी आले की पलंगावर बसून राहायचे. रेडिओ लावला तर म्हणायचे, बंद कर.

त्या वर्षभरात गाडीला कोणी हात लावला नाही. टायर बसले. ताडपत्रीवर कोळशाचा थर जमला. कोणी विचारलं, विकता का, तर मी म्हणायची, यांना विचारा. विचारायची हिंमत कोणाची झाली नाही. माझीही नाही.

एका रविवारी मला ते सहन होईना. मी ताडपत्री ओढून काढली, शेजाऱ्यांकडून पंप आणून हवा भरली, खाणीतल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून बॅटरी मागून आणली आणि ती जोडून आत बसले. मला गाडी येत नव्हती. चावी फिरवली. नुसती घरघर. पुन्हा फिरवली.

घरातून आवाज आला, "थांब!"

हे दारात उभे होते, चौकटीला धरून. "घाई काऊन करून राह्यली? डिझेल गाडी आहे ते. पहिले लाल दिवा लागते. तो विझेपर्यंत हात जोडून बस."

मी खरंच हात जोडून बसले. दिवा विझला. चावी फिरवली. गाडीनं काळा धूर सोडला, दोनदा अडखळली आणि चालू झाली. हे भिंतीला धरत धरत आले आणि बॉनेटवर तळहात टेकवून उभे राहिले. मग म्हणाले, "टॅपेट वाजून राह्यले. पाना आन."

त्या दिवसापासून हात माझे झाले. नजर माझी, कान त्यांचा. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपांच्या फटी जुळवणं, मात्र तेच करायचे. पात्यापात्यांचं माप असतं त्यासाठी, फटीत सरकवायचं. पातं अडकू नये आणि सैलही निघू नये. ते डोळ्यांनी करायचं कामच नाही, बोटांनी करायचं. "मी आधीबी डोळे मिटूनच करत होतो," म्हणाले. बाकी सगळं मला शिकवलं. फिल्टर, तेल, ब्रेक. गाडी लोखंडी घोडीवर चढवून तिच्याखाली जायला शिकवलं. साडीत ते जमेना म्हणून मी यांची खाकी पँट घातली. कॉलनीतल्या बायका आधी हसल्या. नंतर एकीनं येऊन विचारलं, "बाई, माझ्या यांच्या स्कूटरचं काय झालं पाहाल का?"

एकदा मी एका बोल्टचे आटे मारले. जोरात पाना फिरवला, तो गरकन फिरला आणि मोकळा झाला. मला रडू आलं. त्यांना आवाजावरूनच कळलं होतं.

"नट पहिले हातानं लावायचा. तीन आटे हातानं गेले का मंग पाना. हातानं नाई गेला तर समजायचं, वाकडा लागला. जबरदस्ती नाई करायची."

"पण आता?"

"आता भाईले सांगू. जरा मोठा बोल्ट करून देईन. तू काऊन रडून राह्यली? माह्या हातून शंभर झाले असे."

गाडी चालवायलाही तेच बाजूला बसून शिकवायचे. पहाटेच्या पाळीच्या बसा गेल्या की रस्ता मोकळा असायचा. गिअर चुकला की न बघता त्यांचा हात माझ्या हातावर यायचा. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, आणि कॉलनीच्या रस्त्यावर उघड्यावर त्यांनी माझा हात धरलेला तो तेव्हाच.

एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "तुले एसी पायजे होता ना? लावून टाकू."

आठ महिने लागले. नागपूरच्या भंगारातून नव्या गाडीचा कॉम्प्रेसर आणला. तो जुन्या इंजिनावर बसवायला लोखंडी ब्रॅकेट हवं होतं. यांनी इंजिनाची ती बाजू बोटांनी चाचपून मला मापं सांगितली, मी पट्टीनं ताडून वहीत लिहिली. भाई ब्रॅकेट घेऊन स्वतः स्कूटरवर माजरीला आले. बसलं नाही. दुसऱ्यांदा आले तरी पट्टा तिरपा गेला. तिसऱ्यांदा आले तेव्हा सरळ माझ्याशीच बोलले. "भाभी, पुलीचं माप तुमी घेतलं का यांनी?"

"मी."

"मंग बरोबर असीन. चूक माह्याकडून झाली, तीन सुताची."

इतक्या वर्षांत कोणत्याही पुरुषानं मला इतकं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. त्या खेपेला भाईंनी तेवढं घासून कमी केलं आणि ब्रॅकेट बसलं. चंद्रपूरला जाऊन गॅस भरून आणला, आणि एप्रिलच्या एका सकाळी आम्ही सावलीला माझ्या माहेरी निघालो. काचा वर. थंड हवा तोंडावर येत होती, बाहेरचा आवाज बंद झाला होता. माझी साडी पांढरीशुभ्र. मी इतकी खूश होते की पडोलीपर्यंत माझं एकटीचंच बोलणं चाललं होतं. हे गप्प.

चंद्रपूर मागं पडलं, मूलच्या रस्त्याला जंगल सुरू झालं. तरी गप्प.

"काय झालं जी? थंडी वाजते का?"

"नाई. मस्त आहे. थंड आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "कुठी आलो आपण?"

"चिचपल्ली येऊन राह्यली."

"हं." मग अगदी हळू, माझं मन मोडू नये अशा बेतानं म्हणाले, "काच खाली करू का जराशी? मले समजतच नाई कुठी आलो ते."

मी गाडी बाजूला घेतली. एसी बंद केला. चारही काचा खाली केल्या. गरम वारा आत आला आणि त्याच्याबरोबर मोहफुलांचा वास, गोड, थोडा आंबूस. हे सीटवर पुढं सरकले. "मोह पडून राह्यला," म्हणाले. मग केळझरपर्यंत त्यांनीच मला रस्ता सांगितला. इथी बांबू आहे, ऐक, कसा वाजते. इथी कोणी रान पेटवलं होतं, चार दिवस झाले असतीन. आता उतार लागीन. मूलच्या पुढं भातशेतीच्या मोकळ्या बांध्या लागल्या तर म्हणाले, "झालं, आलं तुयं माहेर." माझं लक्ष रस्त्यावर होतं आणि रस्ता नीट दिसत नव्हता.

एसी आम्ही नंतर फारसा लावला नाही. पाहुणे असले की लावायचा, तेवढाच. पण त्याची निगा दर वर्षी राखली.

अशी आम्हाला सहा वर्षं मिळाली. लोक म्हणत, बाईच्या नशिबी काय आलं. मी त्यांना कसं सांगू, की माझ्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले दिवस तेच होते. एके दिवशी हत्यारांच्या खोलीतच त्यांच्या छातीत कळ आली. पाळी सुटण्याआधी गेले. मी शाळेत होते, पाचवीचा गणिताचा तास घेत होते.

त्यानंतर दोन वर्षं गाडी मी एकटीनं चालवली, एकटीनं दुरुस्त केली. तेल बदलताना, फिल्टर लावताना तोंडानं बोलायची सवय जाईना. आता हे लावलं, आता हे घट्ट केलं. सांगून झालं की थांबायची, हुंकाराची वाट बघत. टॅपेट मी कधी केले नाहीत. ते वाजायला लागले तसे वाजू दिले. मग खाणीचं क्वार्टर सोडून मुलीकडे राहायला जायची वेळ आली. तिच्या इमारतीत एवढ्या मोठ्या गाडीला जागा नव्हती.

गाडी विकत घ्यायला नागपूरहून एक तरुण जोडपं आलं. दोघंही जुन्या गाड्यांचे वेडे. नवरा मला प्रश्न विचारत होता, बायको मात्र गाडीखाली वाकून बघत होती. तिच्या ओढणीला ग्रीस लागलं तरी तिला पत्ता नव्हता. मी तिलाच जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं. कोणता आवाज कशाचा, कोणता बोल्ट मूळचा नाही, एसीचा पट्टा कुठं मिळतो. ती लिहून घेत होती. मध्येच तिनं विचारलं, "काकू, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमच्या यांनी."

"ते करतात का अजून?"

"नाही," मी म्हटलं. बाकीचं तिला समजलं असावं. तिनं वही मिटली.

फाटकातून गाडी बाहेर काढायला मी कोणाला दिली नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत मीच चालवत नेली, कडेला उभी केली आणि किल्ली तिच्या हातात दिली. त्या दोघांनी वाकून नमस्कार केला. गाडी वळणापर्यंत दिसली, मग नुसता आवाज आला, मग तोही कोळशाच्या ट्रकांच्या आवाजात मिसळला.

मी चालत परत निघाले. कॉलनीच्या तोंडाशी शेजारीण भाजी घेत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाली, "बाई, आज माझ्याकडंच जेवा. भात अन् वांग्याची भाजी केली आहे." मी तिच्या पिशवीचा एक बंद धरला आणि आम्ही दोघी घराकडे चालू लागलो.